शीव नसलेल्या गावाचा न्याय

कोणताही वाद समोर आला की कायदा पहिला प्रश्न विचारतो : हे घडले कुठे? धुऱ्यावरून दोन शेतकऱ्यांत भांडण झाले, तर मोजणीचा नकाशा उलगडला जातो. चोरी झाली, तर ती कोणत्या ठाण्याच्या हद्दीत झाली हे ठाणेदार आधी पाहतो. पुसदचा दावा पुसदला, वणीचा वणीला आणि त्यावरचे वरचे अपील नागपूर खंडपीठाकडे, अशी एक घडी बसलेली आहे. हद्द ठरली की अधिकार ठरतो आणि अधिकार ठरला की न्यायाचे चाक फिरू लागते. गावाला शीव असते, तालुक्याला सीमा असते आणि देशाला सरहद्द असते. आपली सारी न्यायव्यवस्था या रेषांवर उभी आहे.

महाजालाच्या जगात मात्र या रेषा दिसत नाहीत. समजा, दारव्ह्याच्या एका विद्यार्थ्याने मोबाइलवरून पुस्तके मागवली. विकणारा दिल्लीचा, दुकान चालवणारी कंपनी बंगळूरची, पैसे पोचवणारी यंत्रणा मुंबईची आणि या साऱ्याची नोंद ठेवणारा संगणक कदाचित परदेशातला. पुस्तकांऐवजी रद्दी आली, तर त्याने दाद कोठे मागावी? फसवणूक नेमकी झाली कुठे? हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु ज्याचे दोन हजार रुपये गेले त्याच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न आहे, कारण दोन हजारांसाठी कोणी बंगळूरला जात नाही. अशा वेळी हक्क कागदावर राहतो आणि माणूस गप्प बसतो. या शीव नसलेल्या गावात कायद्याने आपले पाय कसे रोवले, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आधी खटला, मग कायदा

आपल्याकडे या विषयावरचा कायदा होण्यापूर्वीच खटले उभे राहिले. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफ या संकेतस्थळाचा दावा आला. दुसऱ्या एकाने केवळ एका अक्षराच्या फरकाने 'रॅडिफ' असे नाव घेतले होते. घाईत टंकलेखन करणारा वाचक एका दुकानाच्या ऐवजी दुसऱ्या दुकानात शिरावा, असा तो प्रकार होता. संकेतस्थळाचे नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हाला जसे संरक्षण मिळते तसेच त्यालाही मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. नवा कायदा हाताशी नसतानाही न्यायाधीशांनी जुन्याच तत्त्वावर नव्या वादाचा निर्णय दिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवू नये, हे तत्त्व पेठेइतकेच जुने आहे.

पुढच्याच वर्षी संसदेने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० संमत केला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून तो अंमलात आला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ मध्ये तयार केलेला आदर्श मसुदा त्याच्या मुळाशी होता. त्यामुळे आरंभी या कायद्याचे मुख्य काम व्यापार सुकर करणे हेच होते : संगणकावरील नोंदीला कागदाचा दर्जा देणे आणि अंकीय स्वाक्षरीला सहीची किंमत देणे. गुन्हे आणि भरपाई यांची कलमे त्यात होती, पण ती थोडी. २००८ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली व ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. दुसऱ्याची ओळख चोरणे आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणे हे स्वतंत्र गुन्हे झाले, ते या दुरुस्तीने.

हद्दीचे कोडे

या अधिनियमाचे ७५ वे कलम म्हणते की गुन्हा करणारा भारताबाहेर असला आणि कोणत्याही देशाचा नागरिक असला, तरी त्याच्या कृत्यात भारतातील संगणक गुंतला असेल तर हा कायदा त्याला लागू होईल. कायद्याचा हात अशा रीतीने लांब केला गेला. पण हात लांब असणे वेगळे आणि मनगट धरणे वेगळे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण याबाबत बोलके आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेच्या संगणक यंत्रणेत २०१८ मध्ये घुसखोरी झाली. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांच्या साहाय्याने पैसे काढले गेले आणि दोनच दिवसांनी आणखी रक्कम हाँगकाँगमधील खात्यात वळवण्यात आली. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर गेला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. देशात पैसे काढणाऱ्या साखळीपर्यंत पोलीस पोचले आणि खटला तडीस गेला, हे यश लहान नव्हे. परंतु २८ देशांत एकाच वेळी घडलेल्या गुन्ह्याचा तपास करायचा, तर प्रत्येक देशाच्या सरकारला विनंती करावी लागते, करार पाहावे लागतात, पत्रव्यवहार करावा लागतो. पैसा क्षणात पोचतो आणि विनंतीपत्र महिन्यांनी, ही या क्षेत्रातली खरी अडचण आहे.

दिवाणी वादांत मात्र हद्दीचे कोडे एका कायद्याने बरेच सोपे केले आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. पूर्वी विरुद्ध पक्ष जेथे राहतो वा धंदा करतो, किंवा वादाचे कारण जेथे घडले, तेथेच तक्रार करावी लागे. नव्या कायद्याच्या ३४ व्या कलमाने तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. म्हणजे आपल्या दारव्ह्याच्या विद्यार्थ्याला बंगळूरला जाण्याचे कारण उरले नाही, यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग त्याला पुरे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही, तक्रार संगणकावरून दाखल करता येते आणि सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने होऊ शकते. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावयास हवी. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपले वाडवडील सांगत आले. या कायद्याने ती पायरीच पुष्कळशी खाली आणली आहे.

जालन्याचा धडा : पुरावा कशाला म्हणायचे?

दाद मागायची म्हटली की पुरावा आला. मोबाइलवरचा संदेश, ध्वनिमुद्रण, चित्रफीत यांत फेरफार करणे सोपे असते. म्हणून अशा नोंदीची छापील प्रत किंवा तबकडी न्यायालयात द्यायची, तर ती कोणत्या यंत्रातून, कशी आली, यंत्र नीट चालत होते की नाही, याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब या कलमात ही अट होती. ती सक्तीची की ऐच्छिक, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निर्णय एकमेकांशी जुळत नव्हते. हा घोळ मिटला तो मराठवाड्यातल्या एका निवडणुकीमुळे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा अवघ्या २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीन वाजेपर्यंतच घ्यावयाचे होते. विजयी उमेदवाराचे कागदपत्र त्या वेळेनंतर स्वीकारले गेले, असा आक्षेप घेण्यात आला. निवडणूक कार्यालयातच चित्रीकरण झालेले असल्याने आक्षेपाचा पुरावा त्या चित्रफितीत होता. परंतु वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी आवश्यक ते प्रमाणपत्र दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि प्रकरण दिल्लीला गेले. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी निकाल दिला : मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्यच आहे. मात्र पक्षकाराने ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि ते देणे ज्याच्या हाती होते त्यानेच दिले नाही, तर त्याचा दोष पक्षकारावर येऊ नये.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून तीच अट आता त्याच्या ६३ व्या कलमात आहे. प्रमाणपत्राचा नमुनाही कायद्यातच दिला आहे. सामान्य माणसाने यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. फसवणुकीचा संदेश आला की रागाने तो पुसून टाकू नये. मूळ मोबाइल, मूळ संदेश, बँकेचा व्यवहार क्रमांक हे सारे जसेच्या तसे ठेवावे. चोरी झालेल्या घरात पंचनाम्याआधी आपण केरवारा करीत नाही, तसेच हे आहे.

पालघरचा धडा : नियमन म्हणजे मुस्कटदाबी नव्हे

नियमन हवे असे म्हणताना नियमन कोणाच्या हातात आणि किती, हेही विचारले पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई व परिसर बंद होता. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदविषयी आपले मत लिहिले आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली. अटकेसाठी वापरलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६अ हे कलम होते. 'अत्यंत आक्षेपार्ह' किंवा 'त्रासदायक' मजकूर पाठवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, असे ते कलम. पण आक्षेपार्ह कशाला म्हणायचे, याची व्याख्या कोठेच नव्हती. एकाला जी थट्टा वाटते ती दुसऱ्याला त्रासदायक वाटू शकते. मग तुरुंगात कोण जाणार हे तक्रार करणाऱ्याच्या लहरीवर ठरणार!

या घटनेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांनी ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना घटनेचे संरक्षण आहे, हे तत्त्व त्या निकालात स्पष्ट झाले. इतके होऊनही काही ठिकाणी पोलीस या मृत कलमाखाली गुन्हे नोंदवीतच राहिले. ते थांबवा असे ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. कायदा पुस्तकातून गेला तरी ठाण्याच्या सवयीतून जायला वेळ लागतो, असाच याचा अर्थ.

याच प्रश्नाचे दुसरे रूप मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा आहे की काय हे शासनाच्याच तथ्य तपासणी कक्षाने ठरवावे, असा नियम २०२३ मध्ये करण्यात आला. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांत मतभेद झाला. तिसरे न्यायाधीश म्हणून न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये नियम घटनाबाह्य असल्याचे मत दिले आणि तो रद्द झाला. वादी आणि पंच एकच असू नये, हे गावच्या पारावरही मान्य असलेले तत्त्व महाजालावरही तितकेच खरे ठरले.

गेलेला पैसा आणि भरपाईचा मार्ग

फौजदारी खटल्यात गुन्हेगाराला शिक्षा होते, पण गेलेल्याचे गेलेलेच राहते. म्हणून माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ४६ व्या कलमाने अभिनिर्णय अधिकारी नेमले. प्रत्येक राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हेच ते अधिकारी. पाच कोटींपर्यंतच्या नुकसानभरपाईचे दावे त्यांनी ऐकावेत, आणि शक्यतो सहा महिन्यांत निकाल लावावा, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात या तरतुदीचा चांगला उपयोग झाल्याची उदाहरणे आहेत. २०१३ साली पुण्याच्या एका कंपनीच्या खात्यातून सुमारे ८० लाख रुपये गेल्याच्या प्रकरणात तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. फसव्या पत्राला उत्तर देण्यात खातेदाराची चूक होती, पण चोराला खाती उघडू देण्यात आणि व्यवहारावर नजर न ठेवण्यात बँकेचीही होती, म्हणून भार दोघांनी वाटून घ्यावा, असा त्यामागचा विचार होता.

या व्यवस्थेतली उणीवही तितकीच ठळक आहे. साऱ्या राज्यासाठी अधिकारी एकच, तोही इतर शेकडो कामांत गुंतलेला आणि मंत्रालयात बसणारा. यवतमाळहून मुंबई सहाशे किलोमीटरहून अधिक दूर. अपील ऐकणाऱ्या सायबर अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद तर ३० जून २०११ पासून जवळजवळ सहा वर्षे रिकामे होते. अखेर २०१७ मध्ये ते काम दूरसंचार न्यायाधिकरणाकडे सोपवण्यात आले. न्यायासन आहे पण न्यायाधीश नाही, अशा स्थितीत पक्षकाराने काय करावे?

बँक व्यवहारांपुरता एक अधिक जवळचा आधार आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असा दंडक घातला की चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक बँकेचीही नाही व ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही त्याच्यावर भार नाही. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. मात्र गुप्त संकेतांक त्याने स्वतःच दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते. याच परिपत्रकाचा आधार घेऊन जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कंपनीला ७६ लाख ९० हजार रुपये परत करण्याचा आदेश बँकेला दिला. यात वेळेला केवढे महत्त्व आहे, ते सांगावयास नको. १९३० हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे : पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतानाच त्याला अडवता यावे.

वाद जेथे झाला तेथेच तोडगा

न्यायालयावर भार वाढत असता, ज्या यंत्रावर वाद निर्माण झाला त्याच यंत्रावर तो मिटवता येणार नाही काय? ऑनलाइन तंटा निवारणाची कल्पना यातूनच निघाली. १९९९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील एका प्रयोगात ईबे या बाजारपेठेतील सुमारे दोनशे तंटे केवळ संगणकीय पत्रव्यवहाराने हाताळण्यात आले. त्याच वर्षी संकेतस्थळांच्या नावांवरील वादांसाठी एक जागतिक पद्धत मान्य झाली. जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना आणि अन्य संस्था यांच्यामार्फत असे हजारो वाद, कोणीही न्यायालयात पाऊल न ठेवता, कागदपत्रांवरून निकालात निघाले आहेत. भारताच्या '.इन' नावांसाठी अशीच पद्धत २००५ पासून आहे.

आपल्याकडे या विचाराला खरी गती दिली ती टाळेबंदीने. ११ जुलै २०२० रोजी छत्तीसगडमध्ये पहिली ई-लोकअदालत भरली. नीती आयोगाने २०२१ मध्ये यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात ऑनलाइन मध्यस्थीची तरतूद आली.

तथापि, नवी वाट म्हणजे निर्वेध वाट नव्हे. पहिला धोका असमानतेचा. कर्ज देणारी कंपनीच लवाद निवडणार, तिच्याच शहरात कामकाज चालणार आणि कर्जदाराला मोबाइलवर एक इंग्रजी सूचना येणार, अशा लवादाला पारदर्शक कसे म्हणावे? निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकतर्फी लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले आहे, पण ते कर्जदाराला ठाऊक असायला हवे. दुसरा धोका उदासीनतेचा. युरोपीय संघाने ग्राहकांच्या तंट्यांसाठी २०१६ मध्ये भव्य व्यासपीठ उभारले. परंतु व्यापाऱ्यांनी प्रतिसादच दिला नाही, खरोखर मिटलेले तंटे नगण्य राहिले आणि २० जुलै २०२५ रोजी ते बंद करण्यात आले. नुसते दार बांधून भागत नाही, आतल्याने आवाज दिला पाहिजे, अशी सक्ती असावी लागते.

आपण काय करावे?

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा विषय शहरी लोकांचा राहिलेला नाही. कापसाचे चुकारे खात्यात जमा होतात, शिष्यवृत्ती खात्यात येते, प्रवेशाचे अर्ज सेतू केंद्रातून भरले जातात. झरी जामणीच्या पाड्यावरील माणूसही या शीव नसलेल्या गावाचा रहिवासी झाला आहे. त्याला तेथील रस्ते दाखवले गेले, पण चावडी कोठे आहे हे कोणी सांगितले नाही.

कायदे पुरेसे नाहीत असे सरसकट म्हणता येणार नाही. हद्दीचा प्रश्न ग्राहक कायद्याने सोडवला, पुराव्याचा जालन्याच्या खटल्याने आणि बोलण्याच्या मर्यादेचा पालघरच्या घटनेने. उणीव आहे ती जवळीकीची. अभिनिर्णय अधिकारी विभागवार का नसावेत? कंपन्यांच्या अटी आणि लवादाच्या सूचना ग्राहकाच्या भाषेत का नसाव्यात? हे प्रश्न विधिमंडळाने आणि शासनाने सोडवावयाचे आहेत.

परंतु एक काम असे आहे की ते महाविद्यालयाला करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या साहाय्याने एक दिवस या विषयाला द्यावा. पैसे गेले तर आधी १९३० वर व बँकेला कळवावे, मूळ संदेश जपून ठेवावा, वस्तू खोटी निघाली तर यवतमाळच्याच ग्राहक आयोगाकडे जावे आणि समजल्याशिवाय 'मान्य' या शब्दावर बोट ठेवू नये, एवढ्या चार गोष्टी जरी वस्तीवस्तीत पोचल्या, तरी अनेकांची गाठीची पुंजी वाचेल. अर्थशास्त्राचा, राज्यशास्त्राचा आणि मराठीचा विद्यार्थी हे काम करू शकतो. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही, फक्त समजलेली गोष्ट दुसऱ्याला सोप्या मराठीत सांगता आली पाहिजे.